डब्यातल्या भुतांचा जाहीरनामा

आम्ही भयपटांच्या बाजूने उभे आहोत. ज्यांच्या पोस्टरसमोरून जाताना आयांनी मुलांचे डोळे झाकले, ज्यांना पुरस्कारांच्या मंचावर कधी खुर्ची मिळाली नाही, ज्यांचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात आलाच तर तळटीपेत आला, आणि तरीही ज्यांच्यासाठी तालुक्याच्या टॉकीजबाहेर शेवटच्या खेळाला रांगा लागल्या, त्या चित्रपटांच्या बाजूने. त्यांतही आधी रामसे बंधूंच्या चित्रपटांच्या बाजूने. ‘दो गज जमीन के नीचे’, ‘दरवाजा’, ‘पुराना मंदिर’, ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’, ‘बंद दरवाजा’. ही नावं वाचताना ज्यांच्या कानांत बिजागरी करकरली, ते सगळे या ‘आम्ही’मध्ये आधीपासूनच आहेत. सभासद व्हायला दुसरी कसलीही पात्रता लागत नाही.

आमचं म्हणणं सरळ आहे. हे चित्रपट मूळ निगेटिव्हपासून वाचवले पाहिजेत. ते जसे घडले तसेच पुन्हा उभे राहिले पाहिजेत. आणि ज्या प्रेक्षकाने ते जगवले त्याच्या घरी, त्याच्या फडताळात, त्याच्या मालकीच्या डिस्कवर ते पोहोचले पाहिजेत. या तीन गोष्टी आम्ही एकत्रच मागतो, कारण त्यांतली एक जरी सुटली तरी उरलेल्या दोन कपाटबंद होतात.

हा वारसा कुणाचा, ते आधी सांगू. फाळणीनंतर फतेहचंद रामसिंघानी कराचीहून मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांनी रेडिओचं दुकान थाटलं. त्यांचं आडनाव गोऱ्या गिऱ्हाइकांना कराचीतच जड गेलं होतं. त्याचं ‘रामसे’ झालं आणि तेच पुढे पडद्यावर आलं. चित्रपटाची हौस दुकानापेक्षा मोठी होती. १९६३ च्या त्यांच्या ‘रुस्तम सोहराब’मध्ये पृथ्वीराज कपूर आणि सुरैया होते. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ मात्र पडला. पण पडलेल्या त्या चित्रपटात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरीसाठी शिरतात. तुलसी आणि श्याम या दोघा मुलांच्या लक्षात आलं, की बाकीच्या चित्रपटाला कंटाळलेलं थिएटर तेवढ्या प्रसंगाला ताठ बसतं. हिंदी भयपटाची एक अख्खी परंपरा त्या निरीक्षणातून निघाली. समीक्षकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दोन पोरांनी प्रेक्षकांच्या पाठीकडे बघून टिपली होती.

मग सात भाऊ कामाला लागले. कुमार लिहू लागला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करू लागले, गंगूच्या हाती कॅमेरा आला, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन, केशू निर्मितीच्या खटाटोपात. फिल्म इन्स्टिट्यूटची पायरी त्यांनी चढली नाही. जोसेफ मॅसेली यांचं छायालेखनावरचं पुस्तक उघडून ते शिकले. १९७२ मध्ये हे कुटुंब ‘दो गज जमीन के नीचे’ घेऊन महाबळेश्वरला गेलं. युनिट म्हणजे घरचीच माणसं. जेवणाची सोयही घरच्या बायकांनीच सांभाळली. गोष्ट साधी होती. श्रीमंत शास्त्रज्ञ, त्याची बायको, तिचा प्रियकर, खून, आणि मातीखालून परत येणारा नवरा. पुढे रामसेंचा कॅमेरा मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यातही पोहोचला. १९८४ मध्ये अनिरुद्ध अग्रवाल नावाचा उंचापुरा स्थापत्य अभियंता ‘पुराना मंदिर’चा सामरी झाला, आणि त्याच्या चेहऱ्याने एका पिढीची झोप उडवली. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’मुळे हेच घराणं आठवड्याच्या ठरल्या रात्री घराघरांत येऊ लागलं. हिंदीत बोलणाऱ्या या भुतांचं धुकं सह्याद्रीतलं होतं आणि त्यांच्या वाड्यांना समुद्राची खारी हवा लागली होती.

मराठी माणसाला भुतांची ओळख कुणी करून द्यायला नको. मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ. प्रत्येकाचं झाड ठरलेलं, वेळ ठरलेली, उतारा ठरलेला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी या भीतीला साहित्यात मानाचं पान वाढलं. मतकरींची गूढकथा दिवाळी अंकात सन्मानाने छापली गेली आणि बांधीव पुस्तकांत टिकली. पडद्यावरच्या भीतीच्या वाट्याला ते पान आलं नाही. तिला गंजका डबा मिळाला.

त्या डब्यात आज काय चाललं आहे, ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं एकमेकांवर बसलेली असतात आणि ती सारख्या गतीने उडत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरल्या गेलेल्या प्रिंट फिल्मवर निळसर द्रव्य आधी जातं आणि मागे गुलाबी उरतं. गंगू रामसेने दिव्यांना जिलेटिन लावून रंगवलेली निळी रात्र जुन्या प्रिंटमध्ये आज गुलाबी दिसते. हिरव्या प्रकाशातला राक्षस तांबडा दिसतो. या चित्रपटांत रंग हेच अर्धं भय होतं. निळं म्हणजे बाहेर, तांबडं म्हणजे आत, हिरवं म्हणजे आता काहीतरी येणार. रंग गेला की भीतीची भाषाच जाते आणि उरतो तो आरडाओरडा. मग लोक म्हणतात, हे चित्रपट हास्यास्पद आहेत.

दुसरा रोग वासावरून कळतो. फिल्मचा ॲसिटेटचा पाया ओलाव्याने आणि उष्णतेने विघटित होतो, ॲसेटिक आम्ल सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. फिल्म आक्रसते, वाकते, थर सुटतात. सुटलेलं आम्ल विघटनाचा वेग वाढवतं आणि शेजारच्या डब्यांनाही लागण करतं. मुंबईची दमट हवा या रोगाला फार मानवते.

तिसरं दुखणं आमच्या धंद्याच्या रीतीतून आलं. कमी खर्चाच्या चित्रपटांच्या प्रिंट बऱ्याचदा थेट मूळ निगेटिव्हवरून काढल्या जात. चित्रपट जितका चालला, तितक्या जास्त प्रिंट निघाल्या, तितक्या वेळा निगेटिव्ह यंत्रातून गेली, तितके ओरखडे तिच्यावर उमटले. लोकप्रियतेनेच मूळ झिजलं. मग चित्रीकरण डिजिटल झालं, लॅबोरेटऱ्या एकामागून एक बंद पडल्या, आणि तिथे ठेवलेल्या डब्यांचं भाडं कोण भरणार हा प्रश्न कुणालाच आपला वाटला नाही. निर्माता वारला, हक्क फायनान्सरकडे गहाण, वितरकाचं नाझ बिल्डिंगमधलं ऑफिस बंद. डब्यावरचं लेबल तेवढं शिल्लक.

‘पुराना मंदिर’मध्ये सामरीचं धड एकीकडे पुरतात आणि शिर दुसरीकडे कुलपात ठेवतात. चित्रपटाचंही असंच असतं. चित्राची निगेटिव्ह वेगळी, ध्वनीची वेगळी; दोन्ही वेगळ्या डब्यांत आणि पुष्कळदा वेगळ्या गुदामांत. कथेत ती दोन जुळू नयेत म्हणून सगळे धडपडतात. आमची धडपड नेमकी उलटी आहे.

हे रामसेंपुरतं नाही, याचीही जाणीव आम्हाला आहे. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. आज तीसच्या आसपास हाती आहेत. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, नाहीसा झाला आहे. ‘शोले’सारख्या चित्रपटाचीही मूळ निगेटिव्ह व्हिनेगरने खराब झाली होती आणि त्याची ७० एमएमची एकही प्रिंट उरली नव्हती, फिल्म हेरिटेज फाउंडेशनला इंग्लंडच्या गोदामात सापडलेल्या घटकांचा आधार घ्यावा लागला, तेव्हा कुठे २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवटासह उभा राहिला. ज्या चित्रपटाचे संवाद देशाला पाठ आहेत त्याची ही कथा. ज्याचं नाव घ्यायलाही लोक लाजतात, त्याची काय असेल?

लाज हाच खरा शत्रू आहे. आर्द्रतेवर यंत्र निघालं आहे, लाजेवर निघालेलं नाही. वारसा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर संतपट येतो, राष्ट्रपतींचं पदक येतं, कृष्णधवल गांभीर्य येतं. भयपट आला की आवाज खाली जातो. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून ३६३ कोटी रुपये आणि सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचा संकल्प जाहीर झाला. आम्ही त्याचं मनापासून स्वागत करतो, आणि त्या यादीत किंकाळीलाही जागा हक्काने मागतो. जतनाची यादी म्हणजे गुणवत्ता यादी समजणं हा जुना घोटाळा आहे. कोणत्या काळाने कशाला भ्यायचं ठरवलं, हे त्या काळाच्या भयपटांइतकं स्वच्छ दुसरं कोण सांगतं?

जगात इतरत्र ही लाज ओसरली आहे. जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गजवळ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. १९६८ मध्ये प्रदर्शनाआधी शीर्षक बदलताना स्वामित्वाची सूचना गळाली आणि चित्रपट अमेरिकेत बेवारस झाला. ज्याला वाटेल त्याने वाटेल तशा प्रती काढल्या. काळ्याचं करडं झालं, करड्याचा चिखल झाला. दशकानुदशकं लोकांनी हा चिखल पाहिला आणि त्यालाच शैली म्हटलं. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि द फिल्म फाउंडेशन यांनी मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून त्याचं फोर-के रिस्टोरेशन केलं. रोमेरो आणि त्याचे सहकारी स्वतः त्यात होते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तो तिथे दाखवला गेला, २०१८ मध्ये डिस्कवर आला. रोमेरो मधल्या २०१७ मध्ये वारला. काम वेळेवर झालं, इतकंच.

‘द विकर मॅन’ला ते भाग्य लाभलं नाही. १९७३ च्या या इंग्रजी चित्रपटाला वितरकाने कात्री लावली, मग त्याची मूळ निगेटिव्हच हरवली. ती एका महामार्गाच्या भरावात गाडली गेली, अशी दंतकथा अजून सांगितली जाते. (भयपटाच्या निगेटिव्हला याहून शोभेसा शेवट सुचणं कठीण.) पण चाहते खोदत राहिले, आणि हार्वर्डच्या संग्रहात सापडलेल्या ३५ एमएम प्रिंटमुळे २०१३ मध्ये दिग्दर्शकाला मान्य असलेली आवृत्ती लोकांपुढे आली.

आमच्याकडे मात्र घड्याळ पुढे गेलं आहे. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये, गंगू २०२४ मध्ये. ती रात्र नेमकी किती निळी होती, हे सांगणारा डोळा मिटला. म्हणून आता जो सहायक, जो लाइटमन, जो मेकअपमन, जो लॅबमधला ग्रेडर, जो ऑपरेटर हयात आहे, त्याची आठवण हाच आमचा रंगाचा तक्ता. तिची नोंद आम्ही निगेटिव्हच्याही आधी घेणार आहोत.

आम्ही मानतो की चित्रपट प्रेक्षकांनी जपला. ऑपरेटरने तुटलेलं रीळ रात्री सांधून सकाळच्या खेळाला लावलं. जत्रेतल्या तंबूने ट्रकच्या इंजिनावर पडदा उजळला. व्हिडिओ पार्लरवाल्याने कॅसेट भाड्याने दिली, गल्लीने एका टीव्हीसमोर बसून ती पाहिली. पुढे ती व्हीसीडीवर चढली, मग संगणकावर, मग फोनवर. प्रत्येक उडीत चित्राचा थोडा अंश गळाला, कडा कापल्या गेल्या, आवाज फाटला. पण साखळी तुटली नाही. या साखळीला आम्ही चोरी म्हणून हिणवणार नाही आणि आदर्श म्हणून मिरवणारही नाही. तिचं काम संपलं आहे. आता ते मूळ निगेटिव्हने पुढे न्यावं.

आम्ही मानतो की जे लेन्सच्या पुढे घडलं ते पवित्र आहे आणि जे नंतर फिल्मवर घडलं तेवढंच दुरुस्तीला मोकळं आहे. प्रोजेक्टरचा ओरखडा आम्ही पुसू. धूळ, बुरशी, डाग, तुटलेला सांधा, उडालेला रंग, सगळं दुरुस्त करू. पण राक्षसाच्या मानेपाशी रबराची कड सुटलेली दिसते? दिसू दे. वटवाघळाची दोरी दिसते? दिसू दे. धुराच्या यंत्राची नळी चौकटीच्या कोपऱ्यात डोकावते? ती त्या रात्रीची साक्ष आहे. आज संगणकावर दोरी पुसणं एका दुपारचं काम आहे, आणि म्हणूनच ते न करण्याची शपथ घ्यावी लागते. दोरी पुसणारा हात उद्या मुखवटाही ‘सुधारेल’.

फिल्मच्या कणांनाही आम्ही हात लावणार नाही. कण म्हणजे मळ नव्हे, ती चित्राची कातडी आहे. कण घासून काढले की चेहरे मेणाचे होतात, धुकं प्लास्टिकचं होतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीची रात्र कालच्या मालिकेसारखी दिसते. ध्वनीचं तेच. हे चित्रपट एका वाहिनीच्या ध्वनीसाठी मिसळले गेले. ती मूळ पट्टी स्वच्छ करून प्रत्येक डिस्कवर पहिल्या क्रमांकावर असेल. चहूबाजूंनी गरजणारी नवी पट्टी कुणाला हवीच असेल तर ती दुसरी, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं. दरवाजा एकाच स्पीकरमधून करकरला तरी पुरेसा करकरतो.

आम्ही मानतो की जपणं म्हणजे सफाई देणं नव्हे. या चित्रपटांत असं बरंच आहे जे आज खुपतं, आणि खुपायलाच हवं. स्नानगृहातली विनाकारण रेंगाळणारी नजर, इच्छा व्यक्त करणाऱ्या बाईला मिळणारी शिक्षा, आदिवासी म्हणजे भाला आणि आरडाओरडा हे गृहीतक, ठरावीक अंतराने येऊन भीतीचा जीव घेणारे विनोदी तुकडे. ‘महाकाल’ पाहताना ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ आठवत नसेल तर तो चित्रपट पाहिलाच नाही म्हणायचं. यातलं काहीही आम्ही कापणार नाही आणि कशाचंही समर्थन करणार नाही. चित्रपट अखंड ठेवू, त्याच्याशेजारी भांडणही छापू. ‘वीराना’मध्ये सतीश शाह हिचकॉक नावाचं पात्र करतो; स्वतःच्या उसनवारीवर एवढं मोकळं हसणाऱ्या निर्मात्यांना आमच्या वकिलीची गरज नाही.

सेन्सॉरने कापलेल्या तुकड्यांबद्दलही आमची भूमिका ठरलेली आहे. कापलेला भाग मंडळाकडे जमा करण्याचा नियम होता. म्हणजे तो कुठेतरी गेला. त्याचा शोध आम्ही घेऊ. सापडला तर चित्रपटात शिवणार नाही, डिस्कवर स्वतंत्र ठेवू. प्रेक्षकांनी थिएटरात पाहिलेला चित्रपट ही एक ऐतिहासिक वस्तू आहे, निर्मात्याने आधी बांधलेला चित्रपट ही दुसरी. दोघांची खिचडी करून तिसराच चित्रपट जन्माला घालण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला नाही.

आणि डिस्कच का, हे विचारलं जाईलच. चित्रपट तर फोनवर येतात. येतात, आणि जातातही. करार संपला की रात्रीत गायब होतात. कधी गाणं कापून परत येतात, कधी कडा छाटून. आज दिसलेली आवृत्ती उद्या तीच असेल याची हमी कुणी देत नाही. डिस्क विकत घेतलेल्या माणसाच्या घरातून कोणताही करार ती परत नेऊ शकत नाही. हजार घरांत हजार प्रती असणं हे कोणत्याही एका तिजोरीपेक्षा सुरक्षित आहे. १९८० च्या दशकात कॅसेटने भयपट गल्लीत नेला. आम्ही तोच रस्ता चांगल्या चित्रासह पुन्हा उघडतो आहोत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा डिस्कचा काळ संपल्याचं पुष्कळांनी लिहिलं. दुकानांचा काळ संपला होता. जपून ठेवण्याची हौस कुठे संपली? ‘तुंबाड’ २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि २०१८ च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त चालला. भीती विकत घेणारा प्रेक्षक तिथे रांगेत उभा होता. डिस्क लावायला यंत्र नसल्याची तक्रार करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की मुलांच्या प्लेस्टेशनला डिस्कची फट असेल तर त्याच फटीत ‘पुरानी हवेली’ही जाते.

एक ऋणही मान्य करू. रामसेंच्या अनेक चित्रपटांना नीटस डीव्हीडी आणि पुढे ब्लू-रे दिली ती मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने. महाबळेश्वर-मुरुडच्या भुतांना आधी परदेशी फडताळ मिळालं, याचा आम्हाला राग नाही. हे काम करता येतं आणि विकताही येतं, याचा तो पुरावा आहे. पण त्या डिस्कवर मराठी उपशीर्षकं कोण घालणार? महाबळेश्वरच्या कोणत्या वळणावर कॅमेरा लावला होता, हे कोण सांगणार? ते काम आमचं.

आता आम्ही काय करणार ते ऐका.

पहिला चित्रपट ठरला आहे, ‘दो गज जमीन के नीचे’. जिथून सुरुवात झाली तिथूनच आम्हीही सुरुवात करतो. तो अजून स्वामित्व हक्काखाली आहे. भारतीय कायद्याने प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात, म्हणजे २०३२ च्या अखेरपर्यंत. आम्ही त्या तारखेची वाट पाहत बसणार नाही आणि तिला वळसाही घालणार नाही. हक्कधारकाची लेखी संमती, विक्रीत त्याचा वाटा आणि आमच्या हिशेबाची वही त्याच्यासाठी उघडी. संमतीशिवाय एकही फ्रेम स्कॅन होणार नाही.

संमती मिळाली की शोध. मूळ कॅमेरा निगेटिव्ह, ध्वनीची निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेले मधले घटक, आणि हे काहीच नसेल तर जगात कुठेही असलेली सर्वात चांगली प्रिंट. लॅबोरेटऱ्यांची जुनी गोदामं, पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, वितरकांचे वारस, बंद टॉकीजांच्या केबिन. एक तुकडा इथे, एक तिथे. वेगवेगळ्या प्रिंटमधली चांगली रिळं जुळवून एक चित्रपट उभा करणं ही जगभरची मान्य पद्धत आहे. कोणता भाग कोणत्या घटकातून आला, हे डिस्कच्या पुस्तिकेत रीळवार छापलं जाईल.

मग हाताचं काम. प्रत्येक सांधा तपासायचा, फाटकी भोकं जोडायची, फिल्म धुवायची, आक्रसलेली फिल्म हळू चालणाऱ्या स्कॅनरवर चढवायची. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १३,५०० फूट फिल्म आणि २,१६,००० फ्रेम. यंत्र पुष्कळ करतं, पण पडणारा पाऊस आणि पडलेला ओरखडा यांतला फरक यंत्राला नीट कळत नाही. रामसेंच्या चित्रपटांत पाऊस फार पडतो. त्यामुळे माणसं लागतील, बसून फ्रेमनंतर फ्रेम पाहणारी. ही माणसं आम्ही इथेच घडवू, आणि त्यांना पगार देऊ. हौसेच्या नावाखाली फुकट राबवण्याची रीत या क्षेत्रात आहे. आमच्या दारात ती थांबेल.

पैसा कुठून? आगाऊ नोंदणीतून. डिस्क निघण्याआधी ज्यांनी ती मागवली त्यांच्या पैशातून स्कॅनिंग, आणि विक्रीतून पुढचा चित्रपट. किंमत अशी, की लॅमिंग्टन रोडवर आज दुकान चालवणाऱ्यालाही परवडावी. डिस्कवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी उपशीर्षकं असतील, मराठीतून बोलणारी एक टिपण-पट्टी असेल, जुनी जाहिरात-चित्रफीत सापडली तर ती असेल, आणि ज्यांची नावं श्रेयनामावलीत कधी आली नाहीत त्या कामगारांची यादी असेल. रिस्टोरेशनच्या सगळ्या फाइली दोन वेगळ्या शहरांत ठेवू आणि नवी ३५ एमएम निगेटिव्ह परवडली तर तीही काढू, कारण हार्ड डिस्कचं आयुष्य चांगल्या फिल्मच्या तुलनेत फारच थोडं.

त्यानंतर आमच्या घरचे. १९८२ चा ‘एक डाव भुताचा’. १९९३ चा महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’, रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू घेऊन. तो बाहुला आजही महाराष्ट्राला हसवतो आणि थोडा घाबरवतो. त्याच्या मूळ निगेटिव्हची आज काय अवस्था आहे, हे त्याच्यावर हसणाऱ्या प्रत्येकाने विचारलं पाहिजे. आम्ही विचारणार आहोत.

तुमच्याकडून आम्हाला आधी पैसे नकोत. तुमच्या गावात बंद पडलेली टॉकीज असेल तर तिच्या मालकाकडे जा. केबिनमध्ये, जिन्याखाली, माळ्यावर डबे असतील. भंगारवाल्याला बोलावणं गेलं असेल तर त्याला दोन दिवस थांबवा. डबा बंद खोलीत उघडू नका, खिडक्या उघड्या ठेवा. व्हिनेगरचा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, उन्हात ठेवू नका, आणि कितीही मोह झाला तरी रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. झाकणावर चित्रपटाचं नाव, रिळाचा क्रमांक आणि लॅबोरेटरीचं नाव लिहिलेलं असतं. कधी खडूने, कधी कागदावर. त्याचा फोटो काढा. नाव वाचता आलं नाही तरी काढा. कागद गळून पडला असेल तर तो त्याच डब्यासोबत ठेवा, दुसऱ्यात मिसळू देऊ नका. फोटो आमच्याकडे पाठवा; डबा उचलायला आम्ही येतो.